डोंगरावरचा किल्ला की नदीकाठचा?

दिवाळी सरली आणि हवेत गारवा आला की आमच्या घरी एक प्रश्न हमखास येतो. शिकवणीला मुलींना पोचवायला आलेले पालक दारातच थबकतात, तंबोरा गवसणीत जाईपर्यंत थांबतात आणि मग विचारतात, "गुरुजी, बुऱ्हाणपूरला जायचे म्हणतो आहोत. दिवस एकच हाताशी आहे. किल्ला कोणता पाहावा? आसीरगड की गावातला?"

गाण्याच्या मास्तराला किल्ल्याचे काय कळते, असे कोणी म्हणेल तर ते खोटे नाही. पण आमची निम्मी सोयरीक खानदेशात. इंदुराहून नर्मदा ओलांडून, खंडव्यावरून, सातपुड्याच्या घाटातून बुऱ्हाणपूर आणि पुढे भुसावळ, जळगाव हा रस्ता लग्ना-मुंजींच्या निमित्ताने इतक्या वेळा झाला आहे, की त्यातली वळणे पाठ झाली आहेत. इंदुरातल्या जुन्या मराठी घरांपैकी कितीतरी घरांची हीच गोष्ट असेल. आसीरगड आपण सर्वांनीच पाहिला आहे, पण तो गाडीच्या खिडकीतून. बुऱ्हाणपूरही पाहिले आहे, पण ते चहा पिण्यापुरते आणि मावा-जिलेबी बांधून घेण्यापुरते. म्हणून हा प्रश्न कोणी विचारला की मला बरे वाटते, आणि थोडी भीतीही वाटते. ती का, ते शेवटी सांगतो.

कोणता राग गावा, हे ठरवताना आमच्याकडे तीन गोष्टी पाहतात. वेळ कोणती, गळा कसा आणि समोर कोण बसले आहे. ज्याचे नाव मोठे तो राग आधी, असे कोणी शहाणा गवई करीत नाही. दुपारच्या बैठकीत दरबारी कानडा आळवणाऱ्याला माझ्या वडिलांनी तोंडावर काही म्हटले नसते, पण घरी येताना टांग्यात ते बोलले असते. किल्ल्याचेही तसेच आहे. मोठे नाव आसीरगडाचे, हे खरे. पण नाव पाहून निघालेली पुष्कळ मंडळी पायथ्याशी डबा खाऊन परत आलेली मला ठाऊक आहेत.

दोन नद्यांमधली वाट

आधी या खोऱ्याचे महत्त्व थोडक्यात सांगितले पाहिजे. नर्मदा आणि तापी या दोन नद्या पश्चिमेकडे वाहतात आणि त्यांच्या मधे सातपुडा आडवा पसरला आहे. उत्तरेकडून दक्षिणेत उतरायचे तर या डोंगरात वाट हवी. ती वाट आसीरच्या पायथ्याजवळून जाते आणि सुमारे वीस किलोमीटर दक्षिणेला बुऱ्हाणपुराशी तापीवर येते. म्हणूनच आसीरला दख्खनचा दरवाजा म्हणत आले. डोंगरावरचा किल्ला म्हणजे दाराची कडी, आणि नदीकाठचे शहर म्हणजे दाराच्या आतली ओसरी. कडी एकाची आणि ओसरी दुसऱ्याची, असे फार काळ कधीच चालले नाही.

हे दोन्ही एका हाताखाली आणले खानदेशच्या फारुकी राजांनी. त्यांचे पहिले ठाणे याच खोऱ्यात, पण पश्चिमेला, थाळनेरला होते. १३९९ साली मलिक राजा वारला, त्यानंतर त्याचा मुलगा नासिरखान याने आसीर घेतला आणि तापीच्या उत्तर तीरावर नवे शहर वसवले. सूफी संत शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावावरून त्याचे नाव बुऱ्हाणपूर, आणि शेख जैनुद्दीन यांच्या नावावरून पलीकडच्या तीरावरचे जैनाबाद. तेव्हा निवड करायची ती खरे तर तीन किल्ल्यांतून: थाळनेर, आसीर आणि बुऱ्हाणपूर.

थाळनेरचे आधी सांगून टाकतो, कारण तिकडे जा असे मी फार थोड्यांना सांगतो. हे गाव आज महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहे. बुऱ्हाणपूरच्या एका दिवसात ते बसत नाही. तापीच्या काठावर किल्ल्याचे अवशेष आणि जवळच फारुकी राजांच्या कबरी, एवढेच तिथे आहे. पण आपण होळकरांच्या शहरातले लोक आहोत, म्हणून एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई होळकरांनी गमावली आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला. त्या तहाने थाळनेर इंग्रजांकडे जायचे होते. फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉप ते ताब्यात घ्यायला आला, तेव्हा दरवाज्यापाशी चकमक उडून त्याचे काही अधिकारी मारले गेले. मग आतली शिबंदी कापली गेली आणि होळकरांचा किल्लेदार तुळशीराममामा याला फाशी देण्यात आले. त्या फाशीबद्दल खुद्द इंग्रजांतही पुढे वाद झाला. ज्याला पडक्या भिंतीसमोर उभे राहून एवढे आठवणे पुरेसे वाटते, त्याने थाळनेरला अवश्य जावे. मुलांना काही 'दाखवायला' नेणाऱ्याने जाऊ नये.

उरले दोन.

कठोर दिसणारा किल्ला

आसीरगड पायथ्यापासून साडेआठशे फुटांच्या आसपास उंच आहे. एकावर एक अशी त्याची तीन अंगे आहेत. खालचे मलयगड, मधले कमरगड आणि वरचा तो आसीरगड. माथ्याचे क्षेत्र सुमारे साठ एकर. वर दोन मिनारांची मशीद आहे, महादेवाचे देऊळ आहे, पाण्याची तळी आहेत, आणि गोऱ्या पलटणीच्या बराकींचे पडके अवशेष व कबरीही आहेत. देवळाविषयी आसपासच्या लोकांची अशी श्रद्धा आहे की चिरंजीव अश्वत्थामा रोज पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहून जातो. कपाळावरची जखम घेऊन तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. ती गोष्ट ज्या मुलाने ऐकली आहे, त्याच्यासाठी आसीरगडाला दुसरे आकर्षण लागत नाही.

पण या गडाकडे पाहताना माझ्या मनात एक विचार नेहमी येतो. दिसायला इतका दुर्गम किल्ला, आणि तो पडला कसा, ते पाहावे. फिरिश्त्याने सांगितलेली हकीकत अशी, की किल्ला आसा अहीर नावाच्या धनवान गवळी-सरदाराकडे होता. नासिरखानाने त्याला निरोप पाठवला, 'मला शत्रूंचे भय आहे, माझ्या बायकामुलांना वर आसरा दे.' आसाने मोठ्या मनाने होकार दिला. पहिल्या डोल्यांतून खरोखर स्त्रिया आल्या, मागाहून आलेल्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. स्वागताला पुढे आलेला आसा आणि त्याचे मुलगे तिथेच मारले गेले.

दुसरी वेळ अकबराची. एप्रिल १६०० मध्ये तो बुऱ्हाणपूरला येऊन राहिला आणि आसीरला वेढा पडला. तो वेढा जानेवारी १६०१ पर्यंत चालला. शेवटचा फारुकी राजा बहादूरखान बोलणी करायला खाली उतरला, तो परत वर गेला नाही. किल्ल्याच्या पाडावाचे कारण अबुल फजल रोगराईत दाखवतो, तर जेझुइट पाद्री म्हणतात की आतल्या सरदारांना सोने वाटले गेले. खरे काहीही असो, जगातला बलाढ्य बादशहा नऊ-दहा महिने खाली बसून राहिला आणि त्याला हा डोंगर सरळ चढता आला नाही.

पुढचे प्रकरण आपल्या घरचे. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि तहात दौलताबाद, विजापूर यांच्याबरोबर आसीर व बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. दख्खनचा दरवाजा प्रथमच मराठ्यांच्या हाती आला. त्यानंतर काही आठवड्यांतच सदाशिवरावभाऊंचे सैन्य याच वाटेने, बुऱ्हाणपुरावरून, उत्तरेकडे गेले. त्या सैन्याचे पुढे पानिपतावर काय झाले, ते मराठी माणसाला सांगायला नको. आसीर नंतर शिंद्यांकडे आला. ऑक्टोबर १८०३ मध्ये तो कर्नल स्टीव्हन्सनने घेतला, पण त्या वर्षअखेरीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांना परत मिळाला. १८१९ मध्ये नागपूरचे परागंदा झालेले अप्पासाहेब भोसले आसऱ्याला आसीरकडे आले, तेव्हा इंग्रजांनी पुन्हा तोफा लावल्या, आणि एप्रिलमध्ये शिंद्यांच्या किल्लेदाराने किल्ला खाली केला. यावेळी मात्र इंग्रजांनी तो परत दिला नाही. किल्ल्यात शिंद्यांचे एक पत्र सापडले आणि तेच निमित्त झाले.

दगा, रोगराई किंवा लाच, तह आणि तोफा. कडा चढून आलेल्या वीराची गोष्ट या किल्ल्याच्या वाट्याला फारशी आलीच नाही. डोंगर कठोर आहे, पण त्याच्या इतिहासात पडद्याआडच्या गोष्टी फार.

मऊ दिसणारा किल्ला

आता खालचा. बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला तापीच्या काठावरच उभा आहे. फारुकींपैकी दुसऱ्या आदिलखानाच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इथली गढी उभी राहिली आणि मोगलांनी तिला महालाचे रूप दिले. पुष्कळ भाग ढासळला आहे. जे उरले आहे त्यात पाहण्यासारखा आहे तो हमामखाना, म्हणजे स्नानगृह. त्याच्या घुमटाकार छतावर रंगीत वेलबुट्टी अजून शिल्लक आहे. सज्ज्यावर उभे राहिले की खाली नदी आणि पलीकडे जैनाबाद.

लोक या किल्ल्याला विलासाची जागा म्हणून पाहतात. हमाम, चित्रे, नदीचा वारा, बेगमांची नावे. पण इथे कोण कोण दिवंगत झाले, त्याची यादी करून पाहा. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ साली दारूपायी बुऱ्हाणपुरात वारला. जहांगीरचा मुलगा खुसरो १६२२ साली इथेच, भाऊ खुर्रम याच्या कैदेत, मरण पावला. दुसरा मुलगा परवीझ १६२६ साली इथेच गेला. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल इथेच वारली. पलीकडच्या तीरावर, जैनाबादच्या बागेत, तिला पुरले होते आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिचे शव आग्र्याला नेले. ज्या माणसाने पुरंदरला शिवाजी महाराजांशी तह केला, तो मिर्झाराजा जयसिंग १६६७ साली बुऱ्हाणपुरातच निवर्तला. पहिला निजाम आसफजाह तोही १७४८ साली इथेच. वर डोंगरावर तोफा डागल्या जात, पण राजपुत्र आणि राण्या गेल्या त्या खाली, या नदीकाठच्या गावात.

म्हणून मी म्हणतो की या दोन किल्ल्यांच्या चेहऱ्यांवर जाऊ नये. कठोर दिसतो त्याच्या पोटात फितुरी आहे आणि मऊ दिसतो त्याच्या पोटात शोक.

मराठ्यांनीही बुऱ्हाणपूर पाहिले, पण ते वेगळ्या रीतीने. जानेवारी १६८१ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या सैन्याने शहराबाहेरचा बहादूरपुरा तीन दिवस लुटला. तटाच्या आतले शहर मात्र वाचले. मोगलांच्या दक्षिणेतल्या या श्रीमंत पेठेवर पडलेल्या छाप्याचे पडसाद दिल्लीपर्यंत उमटले.

आमच्या पेशाचे दोन धागे या गावाशी जुळतात, तेही सांगितल्यावाचून राहवत नाही. पुंडरीक विठ्ठल हे नाव संगीताच्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरते तरी ठाऊक असते. कर्नाटकातून आलेल्या या पंडिताने सोळाव्या शतकात 'सद्रागचंद्रोदय' लिहिला, तो खानदेशच्या फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने. दक्षिणेची मेल पद्धती आणि उत्तरेचे राग यांना एका सूत्रात बसवण्याचा त्याचा प्रयत्न होता. पुढे पंडित भातखंडे यांनी आपली थाटपद्धती मांडली तेव्हा या ग्रंथांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. दक्षिण आणि उत्तर यांच्यामधला दरवाजा फौजांसाठी होता तसा तो स्वरांसाठीही होता. दुसरा धागा हिराबाईचा. १६५३ साली औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून जाताना बुऱ्हाणपुरात थांबला. जैनाबादच्या बागेत आंब्याची फांदी वाकवून फळ तोडणारी एक गायिका त्याला दिसली आणि तो भान हरपला, अशी कथा त्या काळच्या व नंतरच्या फारशी ग्रंथांत आहे. जैनाबादी या नावाने ती इतिहासात राहिली. ती फार काळ जगली नाही. तिच्या रूपाविषयी पुष्कळ लिहिले गेले, गळ्याविषयी थोडेच. गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे खटकते.

अण्णांचा किल्ला

आता त्या भीतीचे सांगतो.

माझे वडील, अण्णा, दरबारी गवई. राजवाड्यातल्या गणपतीपुढे आणि दसऱ्याच्या बैठकीत गाण्यात त्यांचे आयुष्य गेले. शेवटच्या वर्षांत गळा बसला होता, गुडघे धरले होते, पण कान शाबूत होते. एका वर्षी कार्तिकी पौर्णिमेनंतर ते आपणहून म्हणाले, "आसीर पाहायचा राहिला." लहानपणी आईबरोबर मामाच्या गावी जाताना, पुढे स्वतःच्या लग्नाला जाताना, मग माझ्या आत्याला सासरी पोचवताना, प्रत्येक वेळी त्यांनी तो खिडकीतून पाहिला होता. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी म्हणाले होते, "पुढच्या खेपेला चढू."

मी गाडी ठरवली. आणि मीच ठरवले की त्यांना चढवायचे नाही. त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून मी थेट बुऱ्हाणपूरला नेले. वाटेत आसीर आला तेव्हा, "आधी गावातला किल्ला पाहू, ऊन चढायच्या आत," असे काहीतरी म्हणालो. अण्णा काही बोलले नाहीत.

त्या दिवशी शाही किल्ल्यात ते फार रमले, असे मला वाटले. हमामखान्यात शिरल्यावर काठी भिंतीला टेकवून ते उभे राहिले, वर छताकडे पाहिले, आणि कोणी नाही असे पाहून हलक्या आवाजात षड्ज लावला. घरी ज्या स्वराला खरखर येई, तो त्या घुमटाखाली गोल होऊन परत आला. त्यांनी पुन्हा लावला. मग पंचम. मग हसून माझ्याकडे पाहिले. माझी निवड बरोबर ठरली, या समाधानात मी होतो. नदीच्या बाजूला बसून आम्ही डबा खाल्ला. त्यांनी पलीकडच्या जैनाबादकडे बोट करून हिराबाईची गोष्ट माझ्या मुलीला सांगितली, तीही गाण्याची गोष्ट म्हणून.

परतताना दिवस कलला होता. आसीरच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. काठी टेकीत रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. वर तटावर ऊन होते, खाली सावली पडली होती. बऱ्याच वेळाने मागे न वळता ते म्हणाले, "तू माझ्या गुडघ्यांना विचारलेस रे. मला नाही विचारलेस."

तेवढेच बोलले. घरी आल्यावरही तो विषय त्यांनी काढला नाही. पण माझ्या कानातून ते वाक्य गेले नाही. समोरचा श्रोता पाहून राग निवडावा, हे ज्यांनी मला शिकवले, त्यांच्याच बाबतीत मी श्रोता न पाहता नुसता त्याचा चेहरा पाहिला होता. डोंगर पाहून कठोर आणि वाडा पाहून मऊ म्हणतात, त्यातलाच तो प्रकार.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. या वेळी सकाळी लवकर, फक्त आसीरला. गडावर गाडीचा रस्ता आहे, याची मी आधी चौकशीच केली नव्हती. गाडी जिथवर गेली तिथवर नेली. त्यापुढे अण्णा दहा पावले चालत, थांबत, परत चालत. एका दरवाज्याच्या सावलीत आल्यावर त्यांनी दगडावर बैठक मारली आणि म्हणाले, "एवढे पुरे. मी इथे बसतो. तू वर जाऊन ये आणि नीट पाहून सांग."

मी आणि मुलगी वर गेलो. मशीद पाहिली, महादेवाला नमस्कार केला, तटावरून दक्षिणेकडे पसरलेले तापीचे खोरे पाहिले. खाली आल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो अश्वत्थाम्याचा नव्हे, अकबराचाही नव्हे. त्यांनी विचारले, "वर पाणी आहे का?"

तळी आहेत, असे मी सांगितले.

"मग बरोबर. पाणी आहे म्हणून दम टिकला," ते म्हणाले, आणि काठी घेऊन उठले. त्यांना किल्ला समजला होता, तो माझ्यापेक्षा अधिक. दमसास हा त्यांचा आयुष्यभराचा विषय.

ती त्यांची शेवटची मोठी सहल. हमामखान्यातला षड्ज आणि त्या दरवाज्यातली बैठक यांपैकी त्यांना कोणती अधिक आवडली, हे मी त्यांना विचारले नाही. विचारायला हवे होते, असे आता वाटते.

तर निवड कशी करावी?

ज्यांनी दारात उभे राहून प्रश्न केला, त्यांना उत्तर देणे प्राप्तच आहे.

वेळ पाहावी. आसीर हा सकाळचा किल्ला. इंदुराहून पहाटे निघावे आणि ऊन तापण्याच्या आत वर पोचावे. पावसाळ्यानंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. चैत्र-वैशाखात निमाडचे ऊन माणसाची परीक्षा पाहते, तेव्हा डोंगराच्या वाटेला जाऊ नये. शाही किल्ला हा तिसऱ्या प्रहराचा. नदीकडून वारा सुटला आणि सज्ज्यात तिरपे ऊन आले म्हणजे तो खुलतो. मात्र ही संरक्षित वास्तू सूर्यास्ताला बंद होते, हे ध्यानात ठेवावे.

गळा पाहावा, म्हणजे आपली ताकद. दोन्ही किल्ले एका दिवसात होतात, पण धावपळीने. विलंबित आणि द्रुत एकाच श्वासात गाण्याचा हट्ट धरू नये. एकच पाहायचा ठरला आणि वेळ उरला, तर शहरातली जामा मशीद पाहावी. १५९० च्या सुमाराला पुरी झालेल्या या मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेख कोरलेला आहे आणि त्यात शके १५११ असा आपल्या पंचांगातला काळ दिला आहे. कुंडी भांडारा पाहावा. १६१५ च्या सुमाराला अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या उतारावरचे पाणी भुयारांतून, शंभराहून अधिक कुंड्यांच्या मार्गाने, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव गेले. हे दोन्ही किल्ले नव्हेत, पण किल्ल्यांना ज्या पाण्याने आणि ज्या माणसांनी तगवले त्यांची ओळख इथे होते.

आणि श्रोता पाहावा. बरोबर शाळकरी मुले असतील, अश्वत्थाम्याची गोष्ट ऐकलेली असेल, तर आसीर. गाण्या-चित्रांची आवड असलेले कोणी असेल तर नदीकाठचा वाडा. वडीलधारे बरोबर असतील, तर...

तर मी आता काही सांगत नाही. त्यांना विचारा. त्यांच्या गुडघ्यांना नव्हे, त्यांना. कदाचित ते नदीकाठी बसणे पसंत करतील, कदाचित पहिल्या दरवाज्यापर्यंतच चढतील आणि तिथे बसून तुम्हाला वर पाठवतील. किल्ला सारा चढलाच पाहिजे असे थोडेच आहे? मात्र तो कोणता, हे ज्याचे त्याने सांगावे.

परवा असेच एक गृहस्थ विचारून गेले. त्यांच्या मातोश्री सत्तरी ओलांडलेल्या. मी त्यांना एवढेच सांगितले की आधी घरी जाऊन आईंना विचारा. दोन दिवसांनी निरोप आला: आईंना आसीर पाहायचा आहे. लहानपणापासून खिडकीतूनच पाहिला आहे म्हणे.